जुन्या क्रीडापताकांचा संग्रह

क्रीडापताका किंवा पेनंट म्हणजे खेळातील संघाचे, विद्यापीठाचे अथवा स्पर्धेचे नाव व चिन्ह असलेली लांबट त्रिकोणी पताका होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये अशा पताका विसाव्या शतकाच्या आरंभापासून मैदानांवर, विद्यापीठांच्या परिसरात व स्मरणवस्तूंच्या दुकानांत विकल्या जात. त्यांचा संग्रह करणे हा तेथील क्रीडास्मृतिवस्तूंच्या छंदाचा एक महत्त्वाचा भाग आहे. बहुसंख्य जुन्या पताकांवर निर्मात्याचे नाव किंवा साल नसते. त्यामुळे पताका कोणी व केव्हा तयार केली हे ठरवणे हा या छंदातील मुख्य अभ्यासविषय बनला आहे.

युरोपीय फुटबॉलमध्ये सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधार एकमेकांना देतात त्या पताका वेगळ्या परंपरेतील आहेत. प्रस्तुत लेख अमेरिकी पताकांविषयी आहे.

नाव व पार्श्वभूमी

'पेनंट' हा शब्द मूळचा जहाजावरील लांबट निशाणाचा आहे. अमेरिकी बेसबॉलमध्ये एकोणिसाव्या शतकापासून विजेत्या संघाला आपल्या मैदानावर असे निशाण फडकवण्याचा मान मिळे. यावरून लीगच्या विजेतेपदालाच 'पेनंट' म्हणण्याची प्रथा पडली आणि ती आजही टिकून आहे. त्यामुळे बेसबॉलविषयक लेखनात या शब्दाचा अर्थ विजेतेपद की कापडी पताका हे संदर्भावरून ठरवावे लागते.

प्रेक्षकांनी विकत घेण्याच्या पताकांचा प्रसार प्रथम विद्यापीठांतून झाला. हार्वर्डचा किरमिजी आणि येलचा निळा यांसारखे ठरावीक रंग, त्यांवर शिवलेली अक्षरे आणि वसतिगृहाच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या पताका हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील विद्यार्थिजीवनाचे परिचित दृश्य होते. पुढे व्यावसायिक बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल व आइस हॉकी या खेळांच्या मैदानांवरही त्यांची विक्री रूढ झाली. संघांच्या पताकांबरोबरच पर्यटनस्थळांच्या पताकाही याच पद्धतीने तयार होत.

साहित्य व निर्मिती

जुन्या पताकांचे कापड प्रामुख्याने नमदा (फेल्ट) असे. नमदा विणलेला नसतो. लोकरीचे तंतू उष्णता, ओलावा व दाब यांच्या साहाय्याने एकमेकांत गुंतवून तो तयार करतात. कापल्यावर त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत, म्हणून त्रिकोणी तुकड्याला दुमड घालावी लागत नाही. आरंभीच्या पताका लोकरीच्या नमद्याच्या असून पुढे लोकरीत रेयॉन मिसळले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपूर्ण कृत्रिम तंतूंचा नमदा प्रचारात आला.

सर्वांत जुन्या पद्धतीत अक्षरे वेगळ्या रंगाच्या नमद्यातून कापून पताकेवर शिवत. नंतर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून चित्र उमटवण्याची स्क्रीन प्रिंटिंगची पद्धत आली. या पद्धतीने कमी खर्चात अनेक रंगांची चित्रे छापता येऊ लागली. छपाईनंतर पताकेच्या रुंद बाजूला कडपट्टी शिवली जाई व तिला गोंड्यांसारख्या अरुंद पट्ट्या जोडल्या जात. पूर्ण आकाराच्या पताकेची रुंदी साधारण १२ इंच व लांबी साधारण ३० इंच असते. लहान पताका सुमारे ४ इंच रुंद व ९ इंच लांब आढळतात, तर काही जुन्या पताका पूर्ण आकाराहूनही मोठ्या आहेत.

प्रमुख निर्माते

पताका तयार करणाऱ्यांमध्ये मोठे कारखाने होते, तसेच स्थानिक शिवणकाम व छपाई करणारे लहान उद्योगही होते. शिकागो पेनंट कंपनी आणि आयोवा राज्यातील एम्स येथील कॉलेजिएट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही जुन्या निर्मात्यांमधील परिचित नावे आहेत. न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथील ट्रेंच मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे नाव १९७० व १९८० च्या दशकांतील अनेक पताकांवर आढळते. मिनेसोटा राज्यातील विनोना येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली विनक्राफ्ट ही कंपनी पुढे या क्षेत्रातील मोठी उत्पादक बनली. २०२० मध्ये ती फॅनॅटिक्स या कंपनीने विकत घेतली. २०१३ मध्ये बफेलो येथेच स्थापन झालेली ऑक्सफर्ड पेनंट ही कंपनी जुन्या धाटणीच्या पताका नव्याने तयार करते.

निर्मात्याची ओळख

निर्माता ठरवताना पुराव्याचे दोन प्रकार मानले जातात. कडपट्टीत शिवलेली कापडी चिठ्ठी, मागील बाजूचा शिक्का किंवा चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेले नाव हा प्रत्यक्ष पुरावा होय. तो नसल्यास कडपट्टीची रुंदी, रंग व टाक्यांची ठेवण, गोंड्यांची संख्या व ते जोडण्याची रीत, नमद्याची जाडी, अक्षरांचे वळण आणि चित्रशैली यांचा अप्रत्यक्ष पुरावा म्हणून विचार केला जातो.

चित्रांचा पुनर्वापर या कामी विशेष उपयोगी पडतो. फटका मारणारा खेळाडू, मैदानाचे दृश्य किंवा चेंडू यांचे एकच चित्र निर्माते संघाचे नाव व रंग बदलून अनेक पताकांवर छापत. अशा मालिकेतील एका पताकेवर निर्मात्याची चिठ्ठी सापडली, तर तेच चित्र असलेल्या इतर पताकाही त्याच्याच असण्याची शक्यता वाढते. मात्र लोकप्रिय चित्रांची नक्कल होत असे आणि कडपट्टी व गोंडे यांचे साहित्य अनेक कारखाने एकाच पुरवठादाराकडून घेऊ शकत. म्हणून केवळ एका लक्षणावरून निष्कर्ष न काढता परस्परांशी संबंध नसलेली किमान दोन लक्षणे जुळावीत अशी अपेक्षा असते. आधी अंदाजाने ठरवलेल्या पताकेच्या आधारे दुसरी, आणि दुसरीच्या आधारे तिसरी ठरवत गेल्यास मूळ चूक सर्व मालिकेत पसरते.

कालनिश्चिती

संघांच्या स्थलांतरांमुळे व नामांतरांमुळे पताकांच्या काळाला निश्चित सीमा मिळतात. बोस्टनचा ब्रेव्ह्ज संघ १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेला. त्यामुळे मिलवॉकी ब्रेव्ह्जची पताका १९५३ ते १९६५ या काळाची मानता येते. ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाचे 'कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज' हे नाव १९६२ ते १९६४ एवढेच टिकले, तर सिअ‍ॅटल पायलट्स हा संघ केवळ १९६९ च्या हंगामात खेळला. काही नावे मात्र फसवी आहेत. वॉशिंग्टन सेनेटर्स या नावाचा एक संघ १९६१ मध्ये मिनेसोटाला गेला आणि त्याच वर्षी त्याच नावाचा नवा संघ वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला. हा नवा संघ १९७१ च्या हंगामापर्यंत तेथे होता. त्यामुळे केवळ नावावरून पताका कोणत्या सेनेटर्सची हे ठरत नाही.

काही पताकांवर खेळाडूंची नावे छापलेली असतात आणि त्यांच्या आधारे काळ अधिक नेमका करता येतो. ब्रुकलिन डॉजर्स संघाने १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३, १९५५ व १९५६ या वर्षी नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले. साल नसलेल्या विजेतेपदाच्या पताकेवर जॅकी रॉबिन्सन यांचे नाव असल्यास १९४१ हे वर्ष बाद होते, कारण ते संघाकडून प्रथम १९४७ मध्ये खेळले. रॉय कँपानेला यांचे पदार्पण १९४८ मधील असल्याने त्यांच्या नावामुळे १९४७ हेही वर्ष गळते. १९५५ मध्ये पदार्पण केलेल्या सँडी कोफॅक्स यांचे नाव असल्यास १९५५ व १९५६ ही दोनच वर्षे उरतात. जॉनी पॉड्रेस १९५६ चा हंगाम लष्करी सेवेमुळे खेळले नाहीत. त्यामुळे या दोघांची नावे एकत्र आढळल्यास पताका १९५५ ची असण्याची शक्यता सर्वाधिक ठरते. याच वर्षी ब्रुकलिनने आपली एकमेव वर्ल्ड सिरीज जिंकली.

मेजर लीग बेसबॉलचे फलंदाजाच्या छायाकृतीचे बोधचिन्ह १९६९ मध्ये वापरात आले. ते असलेली पताका त्यापूर्वीची असू शकत नाही. स्वामित्वहक्काच्या चिन्हापुढील वर्ष मात्र चित्राच्या प्रकाशनाचे असते. तेच चित्र पुढे अनेक वर्षे छापले जाऊ शकत असल्याने ते निर्मितीचे वर्ष मानता येत नाही.

न मिळालेल्या विजेतेपदांच्या पताका

विजेतेपदाच्या पताका निकालानंतर लगेच विकता याव्यात म्हणून त्या आगाऊ छापल्या जात. अपेक्षित संघ हरल्यास हा माल निरुपयोगी ठरे. १९६४ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज संघाकडे १२ सामने शिल्लक असताना साडेसहा सामन्यांची आघाडी होती, तरीही त्याचे विजेतेपद हुकले. अशा हंगामांतील न घडलेल्या विजयाच्या वस्तूंना संग्राहक 'फँटम' म्हणतात. नष्ट होण्यापासून वाचलेल्या या वस्तू दुर्मीळ असल्याने त्यांना मोठी मागणी असते.

प्रतिकृती व बनावट पताका

जुन्या पताकांच्या प्रतिकृती अधिकृतपणेही तयार होतात. प्रतिकृती म्हणून विकल्यास त्यात गैर काही नाही. ती जुनी म्हणून विकली गेली तर खरेदीदाराची फसवणूक होते आणि निर्मात्यांविषयीची माहितीही दूषित होते. तपासणीत कापड, शाई, शिवण व आकार यांची खात्रीच्या नमुन्याशी तुलना केली जाते. अतिनील प्रकाशात चमकणारे धागे किंवा शाई आढळल्यास संशयाला जागा असते, कारण कापड उजळवणाऱ्या रसायनांचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला. तथापि जुनी पताका नंतर साबणाच्या चूर्णाने धुतली गेल्यासही ती चमकू शकते. म्हणून ही चाचणी एकटी निर्णायक मानली जात नाही. टाचणीची छिद्रे, सुरकुत्या व फिकटपणाही कृत्रिमरीत्या आणता येतात.

जतन

लोकरीच्या नमद्याला कसर लागण्याचा धोका असतो. सूर्यप्रकाशाने रंग उडतात, तर दमट जागेत बुरशी येते. धुतल्याने नमदा आकसतो व शाई पसरते, म्हणून पाण्याचा वापर टाळतात. पताका घडी न घालता आम्लरहित कागदावर सपाट ठेवणे इष्ट असते. तुटलेले गोंडे किंवा सैल झालेली कडपट्टी नव्याने शिवल्यास मूळ टाक्यांचा पुरावा नष्ट होतो. निर्मात्याची ओळख अनेकदा त्या टाक्यांवरच अवलंबून असल्यामुळे दुरुस्ती करण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन मोजमापे नोंदवणे आवश्यक ठरते.

सांस्कृतिक महत्त्व

पताका स्वस्त असल्याने सामान्य प्रेक्षकांच्या घरी पोचल्या. संघ शहर सोडून गेल्यावर किंवा मैदान पाडले गेल्यावरही त्या मागे राहिल्या. त्यांत त्या काळातील पूर्वग्रहही उमटलेले आहेत. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची व्यंग्यात्मक चित्रे अनेक जुन्या पताकांवर दिसतात. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने असे चित्र २०१९ पासून गणवेशावरून काढले आणि २०२१ च्या हंगामानंतर 'गार्डियन्स' हे नाव स्वीकारले. जुन्या पताका मात्र संग्रहांत टिकून असून त्यांचे प्रदर्शन करताना योग्य संदर्भ देण्याची आवश्यकता मांडली जाते.

नमदा कापणारे, शाई भरणारे व गोंडे शिवणारे कामगार बहुतांशी अज्ञात आहेत आणि अनेक लहान कारखान्यांची कागदपत्रे उरलेली नाहीत. अशा कारखान्यांच्या कामाची नोंद म्हणून या पताकाच उपलब्ध आहेत. त्यामुळे निर्मात्यांची ओळख पटवण्याचे काम पताकेचे मोल ठरवण्यापुरते मर्यादित न राहता एका लघुउद्योगाचा इतिहास जुळवण्याचे साधन ठरते.

हेही पाहा

बेसबॉल
मेजर लीग बेसबॉल
वर्ल्ड सिरीज
स्क्रीन प्रिंटिंग