खोट्या बर्फाची खरी गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज विषय आहे बर्फाचा, तोही खोट्या.

हिरव्यागार डोंगराचा फोटो घ्या, फोटोशॉपमध्ये टाका, दोन मिनिटांत झाडं पांढरी. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पण ही हौस कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे.

१८६६ साल, कॅनडातलं माँट्रियल. विल्यम नॉटमन हा तिथला नावाजलेला फोटोग्राफर. तेव्हा फोटो काचेवर निघायचा, आणि काचेवरचं रसायन वाळायच्या आत सगळं उरकावं लागायचं. कडाक्याच्या थंडीत हे कोण करणार? मग पठ्ठ्याने हिवाळाच स्टुडिओत आणला. जमिनीवर मीठ पसरलं. गोठलेल्या बर्फासाठी चकचकीत जस्ताचा पत्रा. आणि पडणारा हिम? निगेटिव्हवर पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे! शिंतोड्याखाली प्रकाश अडतो, म्हणून प्रिंटवर तेवढा ठिपका पांढरा राहतो. १८७० मध्ये त्याने स्केटिंगच्या जत्रेचं एक मोठं चित्र केलं. त्यातल्या माणसांचे फोटो वेगवेगळे काढले, कापले आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवले. हे लेयर्सच झाले की! फोटोशॉपमध्ये लेयर्स यायला १९९४ उजाडलं.

दुसरा टप्पा तर अजून भारी. १९१० मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने इन्फ्रारेड प्रकाशात काढलेले फोटो प्रसिद्ध केले. भर उन्हाळ्यातली झाडं, पण पानं बर्फासारखी पांढरी आणि आकाश काळं. कारण पानं इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतात आणि निळ्या आकाशातून तो फारसा येतच नाही. याला 'वुड इफेक्ट' म्हणतात. लाकडाशी काही संबंध नाही, आडनाव आहे ते.

आता फोटोशॉपची ती रेसिपी बघा. चॅनल मिक्सर उघडा, मोनोक्रोम टिक करा, हिरवा २००, लाल -५०, निळा -५०. बेरीज १००, म्हणून राखाडी दगड तसेच राहतात, पानं उजळतात, आकाश गडद होतं. म्हणजे वुडचाच फोटो, फक्त गणिताने. सॉफ्टवेअरला बर्फ कळतच नाही. त्याला फक्त हिरवं कळतं. आपल्या पावसाळी सह्याद्रीवर चालवलंत तर राजमाचीवरही बर्फ पडेल.

२०१७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी सायकलगॅन आणलं. त्यांनी फ्लिकरवरून योसेमिटीचे उन्हाळ्यातले १२७३ आणि हिवाळ्यातले ८५४ फोटो घेतले. एकाच जागेच्या जोड्या लागत नाहीत, हे त्याचं खरं यश. उन्हाळ्याचा हिवाळा कर, मग त्याचा परत उन्हाळा कर, आणि मूळ फोटो जवळपास तसाच मिळाला पाहिजे, एवढी अट. इंजिनियर म्हणून मला ही कल्पना अजूनही जाम आवडते. पण ऋतू ठरवला कशावरून? फोटो काढल्याच्या तारखेवरून. लोकांच्या फोटोंवरच्या तारखा खऱ्या होत्या, म्हणून मॉडेल शिकलं.

इथे मला काळजी वाटते. हिमनद्या किती मागे हटल्या हे बघायला अभ्यासक एकाच जागेचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवतात. नॉटमनच्या गिऱ्हाइकांना तरी माहीत होतं की आपण मिठावर उभे आहोत. आजचा एडिट केलेला फोटो फॉरवर्ड होत फिरतो, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली तारीखही गळून पडते.

मग पकडायचं कसं? सावली बघा. योसेमिटीत जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य साधारण ७६ अंशांवर असतो, डिसेंबरअखेरीस जेमतेम २९ वर. डिसेंबरमध्ये पाइनची सावली भर दुपारीही झाडापेक्षा लांब पडते. चॅनल मिक्सर पानं पांढरी करतो, सावलीला हात लावत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर असा पांढराशुभ्र फोटो आला, की आधी झाडाच्या बुंध्याशी झूम करा.