उंबऱ्यावरचा हुंवार: तिळारीकाठी नळी, फीत आणि सोडण

तिळारी नदी दोडामार्गातून गोव्यात उतरते. डिचोली तालुक्यातलं साळ आणि पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल ही गावं तिच्या खोऱ्यात. पुढे तिलाच आपण शापोरा म्हणतो. धरण वर, महाराष्ट्रात. १९९० च्या करारात पाण्याचा ७३.३ टक्के वाटा गोव्याचा, असा दशांशासकट हिशेब आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये या गावांत हुंवार आला, तो किती चढला असं विचारलं की उत्तर येतं, ‘उंबऱ्यावर आला’, ‘चुलीपर्यंत आला’.

इतिहासाच्या अभ्यासकाला असली साक्ष कच्ची वाटते. मला वाटत नाही. हयात बांधकामांवर गेलेल्या माणसाला उंबरा म्हणजे आयता बेंचमार्क! घर पाडलं नाही तोवर तो जागचा हलत नाही. भिंतीवरची गढूळ रेघ तर त्याहून चोख, पण ती टिकत नाही. २०१९ ची चतुर्थी २ सप्टेंबरला होती. चतुर्थी आली की घराला रंग लागतो आणि पुरावा रंगाखाली जातो.

म्हणून आधी रेघ टिपायची. लागतं काय? गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, फीत आणि खडू. नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. टप्प्याटप्प्याने पुराच्या खुणेपासून पुलाच्या कठड्यासारख्या पक्क्या जागेपर्यंत उंची आणायची, आणि तिथून उलट मोजत मूळ खुणेवर परत यायचं. परतीचा आकडा जुळला नाही तर सगळं पुन्हा. (इथे बहुतेकांचा उत्साह संपतो.)

नदीच्या सरळ पट्ट्यात वर आणि खाली अशा दोन खुणा मिळाल्या, की पुराच्या पाण्याचा उतार कळतो. पात्राचा आडवा छेद उन्हाळ्यात मोजता येतो. मग आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंगने १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र वापरून ओसरून गेलेल्या पुराचाही विसर्ग काढता येतो. काठावर झाडोरा किती, पात्र खडकाळ की वाळूचं, याचा अंदाज त्यात धरावा लागतो. म्हणून एकच आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं उत्तर द्यावं.

रोजच्या प्रवाहाला नारळाचं सोडण पुरतं. त्याने २० मीटर अंतर २५ सेकंदांत कापलं तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर. खालचं पाणी सावकाश चालतं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं. मग छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की झाला विसर्ग. कोलवाळच्या बाजूला मात्र हे करू नये, तिथे भरती लागली की सगळा हिशेब बिघडतो. आणि भर पुरात पाण्याजवळ जाऊच नये. खुणा नंतरही सापडतात.

म्हादईच्या लवादाचा निवाडा २०१८ मध्ये आला. त्याआधी नदीत मुळात पाणी किती, यावरच राज्यांचे आकडे जुळत नव्हते. तिळारीकाठी उद्या धरणातून किती सोडलं आणि गावात किती चढलं असा प्रश्न निघाला, तर गावाकडे स्वतःची वही हवी: तारीख, वेळ, उंची, कुणी पाहिलं. पक्क्या जागेचा फोटो पहिल्या पानावर चिकटवा. पूल नवा झाला की जुना कठडा शोधूनही सापडत नाही.