बुटीबोरीचा धागा आणि छिद्रांची मोजदाद

नागपूरहून वर्धा रस्त्यानं सुमारे ३० किलोमीटर गेलं की बुटीबोरीची एमआयडीसी लागते. मुलूख कापसाचा, पण या वसाहतीतला नावाजलेला धागा बोंडातून निघत नाही. इंडोरामाचा पॉलिएस्टरचा कारखाना नव्वदच्या दशकात इथं उभा राहिला. पॉलिएस्टर बनतं पीटीए आणि ग्लायकॉल यांच्यापासून. पीटीए, म्हणजे शुद्ध टेरेफ्थॅलिक आम्ल, बनतं पॅराझायलीनपासून. आणि पॅराझायलीन मुबलक हवं असेल, तर त्याच्या भावंडांना, मेटा आणि ऑर्थो झायलीनना, पॅराच्या रूपात आणावं लागतं. ते काम करतो झिओलाइटचा कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. त्याच्या अंगावरची छिद्रं अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासची असतात. ती साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत, तरी त्यांचा हिशेब चोख ठेवावा लागतो.

हा हिशेब महाराष्ट्रात कधी सुरू झाला, हे शोधायचं तर पुण्याच्या पाषाण रस्त्यावर जावं लागतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनसीएलचं, उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. तिचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. कॅनडात जन्मलेले, ब्रिस्टल आणि स्टॅनफर्डला आयुष्य घालवलेले हे रसायनशास्त्रज्ञ पुण्यात आले ते निवृत्तीच्या वयात. साबणाच्या द्रावणांवरच्या कामासाठी त्यांचं नाव घेतलं जातं. पण वायू घन पदार्थाला कसा चिकटतो आणि त्याच्या अंतरंगात कसा मुरतो, हाही त्यांचा जन्माचा विषय. १९२६ मध्ये त्यांनी ए. एम. बकर यांच्यासह एक तराजू प्रसिद्ध केला. काचेच्या उभ्या नळीत क्वार्ट्झच्या तारेची नाजूक स्प्रिंग टांगायची, तिच्या टोकाला चिमुकली बादली आणि बादलीत पदार्थाची चिमूट. नळी निर्वात करून आत वायू सोडला की पदार्थ वायू धरू लागतो, वजन वाढतं आणि स्प्रिंग केसाएवढी लांबते. ती लांबी बाहेरून दुर्बिणीनं वाचायची. नळी उघडायची नाही, पदार्थाला हात लावायचा नाही.

काही खनिजं लहान रेणू आत घेतात आणि मोठे बाहेर ठेवतात, हे सांगण्यासाठी मॅकबेननी १९३२ मध्ये ‘रेणूंची चाळणी’ ही कल्पना मांडली. ही खनिजं म्हणजे झिओलाइट. आणि त्यांचा हा अभ्यासक ज्या शहरात येऊन राहिला, त्याच्या आसपासच्या बेसाल्टमध्ये जगातले उत्तम नैसर्गिक झिओलाइट सापडतात! एकोणिसाव्या शतकात भोर घाटात रेल्वेसाठी खडक फोडला तेव्हा निघालेले स्फटिक थेट इंग्लंडच्या संग्रहालयांत पोचले होते. मॅकबेननंतर १९५२ मध्ये आलेले जॉर्ज फिंच हेही पृष्ठभागांचेच अभ्यासक, इलेक्ट्रॉन विवर्तनातले जाणकार. हेच फिंच १९२२ मध्ये प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन एव्हरेस्टवर ८,३०० मीटरांच्या वर गेले होते. एनसीएलचे पहिले दोन्ही संचालक पदार्थाच्या पृष्ठभागाची पारख करणारे होते.

तोवर जगात मोजणीची दुसरी रीत रुजली होती. अमेरिकेत अमोनियाच्या लोखंडी कॅटलिस्टवर काम करणारे पॉल एमेट आणि स्टीफन ब्रुनॉअर यांना प्रश्न पडला होता, की दोन कॅटलिस्टांत लोखंड सारखंच असताना एक जोमदार आणि दुसरा मंद का? रसायन सारखं असेल तर फरक पृष्ठभागाचा असणार. पण तो मोजायचा कसा? १९३८ मध्ये एडवर्ड टेलरसह त्यांनी उत्तर छापलं. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीईटी म्हणून ओळखलं जातं. आजही कॅटलिस्टच्या प्रयोगशाळेत ‘सॅम्पल बीईटीला लावलं का?’ हा रोजचा प्रश्न आहे.

काम वरवर सोपं दिसतं. काचेच्या नळीच्या फुग्यात पाव-अर्धा ग्रॅम पदार्थ घ्यायचा. तो निर्वातात काही तास तापवायचा, झिओलाइट असेल तर ३०० अंशांच्या आसपास. नाहीतर छिद्रांत बसलेलं पाणी सगळा आकडा खोटा पाडतं. मग फुगा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात बुडवायचा आणि आत नायट्रोजन वायू मापामापानं सोडायचा. प्रत्येक मापानंतर दाब स्थिरावेपर्यंत थांबायचं. पूर्वी हे सगळं पाऱ्याच्या दाबमापीवर डोळ्यांनी वाचलं जाई, आणि काच फुंकणाऱ्या कारागिराशिवाय अशी प्रयोगशाळा चालत नसे. पृष्ठभागावर रेणूंचा एक थर बसायला किती वायू लागला, हे आकड्यांवरून काढायचं. प्रमाण तापमान-दाबाला मोजलेल्या एका घन सेंटिमीटर नायट्रोजनातले रेणू एका थरात पसरले तर सुमारे ४.३५ चौरस मीटर जागा व्यापतात. एका ग्रॅमनं असा ९० घन सेंटिमीटर वायू धरला, तर त्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे ३९० चौरस मीटर. चिमूटभर भुकटीत कबड्डीची तीन मैदानं!

पण क्षेत्रफळ म्हणजे सगळं नव्हे. तीच जागा बारीक छिद्रांत आहे की मोठ्या, यावर पुढचं सगळं ठरतं. मोठ्या छिद्रांसाठी पारा वापरतात. पारा आपणहून छिद्रात शिरत नाही, त्याला दाबानं घुसवावं लागतं आणि छिद्र जितकं लहान तितका दाब जास्त. वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये हे गणित मांडलं, रिटर आणि ड्रेक यांनी १९४५ मध्ये त्याचं उपकरण केलं. पावणेचार नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पारा घालायला वातावरणाच्या दोन हजार पट दाब लागतो. वनस्पती तुपाच्या धंद्यात या मोजणीचं मोल लगेच कळतं. तेलाचा रेणू लांबरुंद. तो झिओलाइटच्या छिद्रात मावतच नाही. म्हणून हायड्रोजनीकरणाचा निकेल किसेलगुरसारख्या मोठ्या छिद्रांच्या मातीवर बसवतात. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान हा जुना विषय आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून १९४२ मध्ये ही संस्था उभी राहिली. विदर्भात रासायनिक तंत्रज्ञानाचं शिक्षण घडलं ते प्रामुख्यानं तिथं.

एनसीएलच्या मोजणीला खरं फळ आलं ते ऐंशीच्या दशकात. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेडएसएम-५ जातीच्या झिओलाइटवर काम करून ‘एन्सिलाइट’ हा कॅटलिस्ट घडवला. एसीसी कंपनी त्यात सहभागी होती, आणि १९८५ मध्ये तो बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये झायलीनच्या संयंत्रात उतरला. त्याच घराण्यातला कॅटलिस्ट वापरून, अल्कोहोल आणि बेंझीनपासून एथिलबेंझीन बनवण्याची ‘अल्बीन’ प्रक्रिया विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये चालली. उसाच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल काढायचा, हा विचार साखरेच्या राज्यात सुचावा यात नवल नाही.

असा कॅटलिस्ट संयंत्रात घालण्याआधी त्याची किती बाजूंनी झडती होते, हे पाहण्यासारखं आहे. क्ष-किरणांच्या आलेखात २३ ते २५ अंशांदरम्यान झेडएसएम-५चे ओळखीचे सुळके उठायला हवेत. ते बुटके असतील तर स्फटिक अर्धवट झाला. मग अमोनिया शोषायला लावून हळूहळू तापवायचं. २०० अंशांजवळ सुटणारा अमोनिया दुबळ्या आम्ल जागांवरचा, ४०० जवळचा बळकट जागांवरचा. झायलीनचं काम बळकट जागा करतात. पण त्या फार झाल्या तर रेणू तुटून कोळसा साचतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या संयंत्राचं भवितव्य अमोनियाच्या आलेखातल्या या दोन उंचवट्यांच्या प्रमाणावर ठरतं. पेटंटांवर शास्त्रज्ञांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण रात्री द्रव नायट्रोजनाची पातळी राखणाऱ्या आणि तेच सॅम्पल पुन्हा लावून आकडा पडताळणाऱ्या तंत्रज्ञांवाचून यातलं एकही पेटंट उभं राहिलं नसतं.

कॅटलिस्ट मरतोही. कोळशानं छिद्रं बुजली की तो कोळसा हवेत जाळून काढतात आणि क्षेत्रफळ पुन्हा मोजतात. जळतानाच्या उष्णतेनं स्फटिक ढासळला असेल तर गेलेलं क्षेत्रफळ परत येत नाही. देशाच्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरून संपलेला कॅटलिस्ट समाविष्ट आहे, आणि विदर्भातल्या कारखान्यांच्या घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट-सुविधा बुटीबोरीतच आहे.

नागपुरात मात्र याच्या उलट दिशेचं काम झालं: कचऱ्यातून झिओलाइट. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असतात. नीरी ही संस्था १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी नागपुरात सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी फ्लाय ॲशपासून ए आणि वाय जातीचे झिओलाइट बनवण्याच्या रीती विकसित केल्या. राख कॉस्टिक सोड्याबरोबर भाजायची, पाण्यात घोळायची आणि १०० अंशांच्या आसपास स्फटिक धरू द्यायचे. आता याची परीक्षा कशी घ्यायची? इथं बीईटी फसवतं. सोडियम असलेल्या ए झिओलाइटची तोंडं इतकी अरुंद असतात, की उणे १९६ अंशांना नायट्रोजन आत जातच नाही. उत्तम स्फटिकही दगडासारखा निर्जीव आकडा देतो. म्हणून ए जातीची परीक्षा घ्यायची ती कॅल्शियमवर. कॅल्शियमच्या क्षारांच्या पाण्यात भुकटी ढवळायची, गाळायची आणि पाण्यात उरलेलं कॅल्शियम ईडीटीएनं टायट्रेट करायचं. ते जितकं कमी, तितका झिओलाइट सरस.