काजळाची शाई आणि भिंतीवरचे पान



आमच्या घरी एक पान आहे. रेवदंड्याहून मुंबईला आणि मुंबईहून बेर शेवाला आलेल्या एका हिब्रू प्रार्थनापुस्तकाचे ते आरंभीचे कोरे पान. त्यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरातले जन्म, लग्ने आणि मृत्यू मराठीत लिहून ठेवले. अशी पाने आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील.

१९७० च्या सुमारास आमच्या आजीने ते पान मोठ्या कौतुकाने पुस्तकातून काढले, काचेच्या चौकटीत बसवले आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले. येणाऱ्याजाणाऱ्याला ती त्यावरची नावे वाचून दाखवी. नेगेवचे ऊन रोज दुपारी त्या भिंतीवर येई. पंचवीस वर्षांनी घर बदलताना चौकट खाली उतरवली, तेव्हा आम्ही चकित झालो. सर्वांत जुनी नोंद १८८१ ची, आणि ती काल लिहिल्यासारखी काळीभोर. त्याखालच्या, १९१२ ते १९३० मधल्या नोंदी गंजलेल्या खिळ्यासारख्या तपकिरी. आणि सर्वांत खालच्या तीन ओळी, ज्या आजीने १९५० नंतर फाउंटन पेनने स्वतः लिहिल्या होत्या, त्या जवळजवळ गेलेल्या.

लिहिली तेव्हा तिन्ही शाई काळीच होती. पान एक, भिंत एक, ऊन एक. मग असे का झाले? उत्तर शोधताना आम्हाला शाईबद्दल जे कळले, ते आपल्या इतिहासाशी चांगलेच जोडलेले निघाले. म्हणून हा लेख.

पहिली शाई काजळाची. दिव्याच्या ज्योतीवर भांडे धरायचे, त्यावर जमलेले काजळ खरवडून घ्यायचे, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ते पुष्कळ घोटायचे आणि बोरूने लिहायचे. मोडी दप्तरांतली अक्षरे अजून काळी आहेत ती याच शाईमुळे. काजळ म्हणजे कार्बन. इतर अनेक रंगांवर ऊन पडले की प्रकाशाने आणि हवेतल्या प्राणवायूने त्यांचे रेणू तुटतात आणि रंग जातो. कार्बनचे तसे होत नाही. तो प्रकाश गिळतो, त्याची उष्णता करून सोडून देतो आणि आपण आहे तसा राहतो. चित्रकारांच्या रंगांतला दिव्याच्या काजळीचा काळा आणि हाडे जाळून केलेला काळा हे दोन्ही म्हणूनच उन्हात सर्वांत टिकाऊ रंगांत मोडतात.

ही शाई आपल्या धर्मशास्त्राला फार जुनी ओळखीची. तल्मूदच्या शब्बाथ भागात म्हटले आहे की सर्व तेलांची काजळी शाईला चालते, पण जैतुनाच्या तेलाची उत्तम. रंबमने तोरा, तेफिलिन आणि मेझुझासाठी कृती दिली आहे, तीही काजळी, झाडाचा डिंक आणि थोडा मध यांचीच. त्याच्या वड्या करून वाळवायच्या आणि लिहिताना मायफळाच्या पाण्यात भिजवायच्या. आता आठवा, कोकणात आपल्या लोकांना काय म्हणत? शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. आपल्या घाण्यावर जैतून कधी आले नसेल, तीळ आणि खोबरे आले. पण तेल, दिवा आणि काजळ आपल्या घरात रोजचेच होते. १८८१ ची नोंद करणाऱ्या आमच्या पूर्वजाने शाईसाठी दूर जाण्याची गरज नव्हती.

काजळाचा टिकाऊपणा पाहायचा असेल तर जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये जावे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या चर्मपत्रांवरचे लिखाण बहुतांश कार्बनच्या शाईचे आहे, आणि त्यांतली पुष्कळशी पत्रे दोन हजार वर्षांची आहेत. ज्या तुकड्यांवर आज काही दिसत नाही, तिथेही बहुधा शाई गेलेली नसते. तिच्याखालचे कातडे काळे पडलेले असते. अशा तुकड्यांचे अवरक्त किरणांनी छायाचित्र घेतले की कातडे उजळ दिसते आणि कार्बनची अक्षरे काळी उठून येतात.

मात्र काजळाच्या शाईचा शत्रू वेगळा आहे. तो पाणी. ती कागदात मुरत नाही, वर बसून राहते. आमच्या पानावर १८८१ च्या नोंदीतल्या एका नावावर कधीतरी पाण्याचा थेंब पडला असावा, कारण तेवढेच नाव फिसकटले आहे. शास्त्रालाही हे ठाऊक होते. बमिदबारच्या पाचव्या अध्यायात शापाचे शब्द लिहून ते पाण्यात धुवायची आज्ञा आहे. त्यामुळे तिथे पुसली जाईल अशीच शाई हवी. रब्बी मेईर शाईत कंकंतूम घालत असत, म्हणजे आपल्या भाषेत हिराकस. ते चालते की नाही यावर तल्मूदमध्ये चर्चा आहे, कारण हिराकस घातलेली शाई धुतली तरी डाग राहतो.

हिराकसाची शाई ही आमच्या पानावरची दुसरी. मायफळाचा किंवा हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र आले की लोखंडाचा काळा रंग तयार होतो. लिहिताना ती फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि कागदात मुरते. पाण्याने सहज जात नाही. कचेऱ्यांत, शाळांत आणि बँकांत हीच शाई चाले, कारण खाडाखोड करणाऱ्याला ती दाद देत नसे. पुढे बाटलीतून मिळणारी ब्लू-ब्लॅक शाई तिचीच मुलगी. पण प्रकाशात आणि काळाच्या ओघात हिचा काळा उतरतो आणि तपकिरी उरतो. शिवाय हिच्यात आम्ल असते. आमच्या पानावर १९१२ च्या ओळीत जिथे टाक जोरात दाबला गेला होता, तिथे कागदाला अक्षराच्या आकाराची चीर पडली आहे. आजही अनेक सोफेर मायफळ, हिराकस आणि डिंक यांच्याच शाईने लिहितात. सेफेर तोराचे अक्षर काळे असावे लागते, म्हणून जुन्या गुंडाळीतली अक्षरे तांबूस दिसू लागली तर ती सोफेरला दाखवावी लागते.

तिसरी शाई आजीची. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने लंडनमध्ये डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून जांभळा रंग काढला आणि रासायनिक रंगांचे युग सुरू झाले. फाउंटन पेनसाठी हे रंग सोयीचे, कारण ते पाण्यात पूर्ण विरघळतात आणि निबेत गाळ साचत नाही. पण विरघळलेला रंग म्हणजे सुटे रेणू. काजळाच्या कणासारखा त्यांना आसरा नाही. रोज ऊन लागले की एकेक तुटत जातो.

आता हे सारे आम्हाला इतके का लागले, ते सांगतो. १९६२ साली बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे आदेश निघाले. आपल्या लोकांनी आंदोलने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहोत असे ठरावाने सांगितले. त्या दोन वर्षांत कितीतरी ट्रंका उघडल्या गेल्या. आमचे आजोबाही हे पुस्तक उघडून नावे मोठ्याने वाचत, असे वडील सांगत. त्या दिवसांत या पानाकडे आम्ही घराण्याचा दाखला म्हणून पाहिले. आजीने पुढे ते चौकटीत लावले त्यामागे तो अभिमान होता. आणि त्याच अभिमानाने तिच्या ओळी गेल्या.

त्या तीन ओळींतल्या दोन आमच्या वडिलांच्या आणि आत्याच्या जन्माच्या. त्या इतर कागदांवर आहेत. तिसरी एका मुलीची, जी काही आठवड्यांची होऊन गेली. तिचे नाव दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही. आत्याला एवढेच आठवते की एक बहीण होती. आम्ही अंधारात पानाच्या कडेने बॅटरीचा झोत आडवा धरला, तेव्हा निबेने कागदावर उठलेला ओरखडा थोडा दिसला. पहिले अक्षर ‘र’. रेबेका असेल, राहेल असेल, रूथ असेल. पुढे काही वाचता येत नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. केतुबा, जन्माच्या नोंदी, जुनी पत्रे भिंतीवर लावू नका. लावायचीच असेल तर तिची प्रत लावा. संग्रहालयांत असे कागद ५० लक्सच्या मंद उजेडात, तेही थोडा काळच ठेवतात. प्रत काढताना लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्स यंत्र वापरा, कारण त्यांच्या काळ्या पुडीत कार्बन असतो. घरच्या इंकजेटचा काळा बऱ्याचदा विरघळणारा रंग असतो. रंगीत फोटोतला काळा तर पिवळा, किरमिजी आणि निळा असे तीन रंग मिळून होतो. त्यातला निळा उतरला की लग्नाचा सगळा फोटो तांबूस दिसतो. जुन्या कृष्णधवल फोटोतला काळा मात्र चांदीच्या बारीक कणांचा असतो. आणि नवी नोंद करायची असेल तर बाटलीवर किंवा पेनवर ‘पिगमेंट’ किंवा ‘कार्बन’ लिहिलेली शाई घ्या.

आमचे पान आता आम्लविरहित कागदात गुंडाळून, पेटीत, अंधारात ठेवले आहे. ठेवण्यापूर्वी शेवटच्या ओळीखाली आम्ही काजळाच्या शाईने एक ओळ लिहिली: ‘र—, मुलगी, मुंबई, अल्पायुषी.’ शाई सुकेपर्यंत पाण्याचा पेला टेबलापासून दूर ठेवला होता.