सिंदखेडराजात वीस मिनिटं थांबून परत फिरू नका

मंडळी, परवा पुण्याचे एक पाहुणे घरी आले होते. लोणार करून आले, जाताना सिंदखेडराजाही केलं म्हणाले. विचारलं, काय काय पाहिलं? "जिजाऊंचं जन्मस्थळ. वीस मिनिटांत झालं की!"

वीस मिनिटं. मला वाईट वाटलं, पण त्यांना काय बोलणार? आपणच पाहुण्याला तेवढंच सांगतो. वाडा दाखवतो, जन्मस्थळी हात जोडायला लावतो, एक फोटो काढतो आणि गाडी पुढे. १२ जानेवारीला लाखो लोक येतात, गावात पाय ठेवायला जागा नसते. बाकीचं वर्ष मात्र गाव महामार्गावरच्या चहाच्या थांब्यासारखं होऊन जातं. म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय.

लखुजीराव जाधवांचा वाडा अवश्य पाहा. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथला. पण तिथून निघाल्यावर थेट गाडीत बसू नका, लखुजीरावांच्या समाधीकडे चला. माझ्या मते या गावाचा खरा इतिहास तिथं सुरू होतो.

लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार. मधल्या काळात ते मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीकडे वळले. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशहाच्या भेटीला गेले आणि तिथंच दगा झाला. लखुजीराव, त्यांची मुलं अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, चौघंही एकाच दिवशी मारले गेले. तीन पिढ्यांतली माणसं एका घरातून एका दिवसात गेली.

आता तारखा जोडून बघा. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे ही बातमी जिजाऊंना कळली तेव्हा शिवराय पोटात होते. बाप गेला, दोन भाऊ गेले, भाचा गेला, आणि सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर मुलगा झाला. स्वराज्याच्या गोष्टी आपण पाळण्यापासून सांगतो. त्या पाळण्याच्या आधी हे दुःख होतं आणि त्याची दगडातली खूण आपल्या जिल्ह्यात आहे. शिवनेरीवर लेकरांच्या सहली जातात, जायलाच पाहिजेत. पण आपल्याच जिल्ह्यातल्या किती शाळांची सहल या समाधीपाशी थांबून हे सांगते?

याच समाधीच्या परिसरात जून २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं जतनाचं काम सुरू होतं. खोदताना जुन्या मंदिराचा दगडी भाग लागला आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी साधारण १.७० मीटर, उंची १ मीटर. विष्णू शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपतेय आणि मागच्या बाजूला समुद्रमंथनाचा देखावा. म्हणजे जाधवांच्याही कितीतरी आधी या गावात अशी मूर्ती घडवून घेणारी माणसं होती, तसं मंदिर बांधण्याची ऐपत होती. आपण ज्या मातीवरून चपला घालून चालत होतो, तिच्याखाली हे सगळं होतं.

त्यानंतर पाणी बघा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या भागाला ते कळायला हवं. मोती तलावाची भिंत समोरून पाहिली तर किल्ल्याची तटबंदी वाटते. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. पुतळा बारवेत पायऱ्या उतरत गेलं की भिंतींवर कोरलेल्या मूर्ती दिसतात. पाणी साठवायचं, वापरायचं आणि त्या जागी बसावंसंही वाटलं पाहिजे, एवढा विचार त्या लोकांनी केला होता. बारवेत उतरलात तर एकच विनंती, पाण्याची रिकामी बाटली परत वर घेऊन या.

नीलकंठेश्वराचं मंदिर, रंगमहाल, काळाकोटाच्या त्या रुंद भिंती, हे सगळं गावातच आहे. सावकाश बघितलं तर दिवस पुरत नाही.

दिवस उरलाच तर गाडी साखरखेर्ड्याकडे वळवा. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथं निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. मुबारिझ खान पडला, निजाम जिंकला आणि त्याने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. पुढे सव्वादोनशे वर्षं चाललेल्या हैदराबादच्या निजामीचा पाया इथं घातला गेला. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या गोष्टी मराठवाड्यात घरोघरी सांगतात. ती गोष्ट जिथं सुरू झाली, ते गाव आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आहे, हे आपल्यालाच माहीत नसतं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. रस्ता भारी आहे, पण तो पाहुण्याला आपल्या दारावरून सुसाट पुढे नेतो. गाडी खाली उतरवायला काहीतरी कारण लागतं आणि ते कारण सांगायचं काम आपलं आहे. गावात दिवसभर पाहुणा राहिला तर जेवेल, मुक्काम करेल, एखाद्या पोराला वाट दाखवायचे चार पैसे मिळतील. मोती तलाव कुठाय, समाधी कुठाय, हे सांगणारे ठळक फलक, महिलांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह आणि नीट माहिती सांगणारी आठ-दहा स्थानिक पोरं, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडेल. हे काही कोटींचं काम नाही.

पाहुण्यांना मी एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी १२ जानेवारी सोडून या. सकाळी लवकर या. मी सोबत येतो."

तुम्ही शेवटचं समाधीपाशी कधी गेला होता? खरं खरं सांगा. आणि गेलाच नसाल, तर या रविवारी घरातल्या लेकरांना घेऊन जा.