परदेशी विद्या आणि परतीची वाट

विद्येसाठी समुद्र ओलांडून गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांचा इतिहास सांगताना जाणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्यांचा खर्च कोणी सोसला आणि परतल्यावर त्यांना जागा कोणी दिली, हे दोन प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, त्या देणग्यांच्या व खाजगी स्नेहाच्या बळावर. १८८६ साली त्या परतल्या तेव्हा कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत होती. क्षयाने मात्र पुढच्याच वर्षी त्यांना ओढून नेले. रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली गणितात सर्वोच्च मान मिळवून आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे झाले. केतकरांनी १९११ साली कॉर्नेलची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या विद्वत्तेचे फळ म्हणजे महाराष्ट्रीय ज्ञानकोश.

डॉ. आंबेडकरांची कथा मात्र निराळी आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावी, असा करार होता. तो पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले, तो त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळेना! थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. विद्यार्थ्याने वचन पाळले. समाजाने पाळले नाही.

आज काळ पालटला आहे. २०२३-२४ या वर्षी एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. इतर कोणत्याही देशाचे इतके नव्हते. यांतील अनेकांचा करार आता संस्थानाशी नसून बँकेशी असतो, आणि तारण असते ते वडिलांचे घर. रुपयांतील पगारावर ते कर्ज फिटणे कठीण. मग मुलगा तिकडेच राहिला, तर त्यात नवल ते काय? पण तिकडचे दारही नेहमी उघडे असतेच असे नाही. २०२४ साली कॅनडाने विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली, हे ताजे उदाहरण आहे.

आमच्या बुऱ्हाणपुरासारख्या सीमेवरील गावात हे परगमन इंदूर-पुण्यापासूनच सुरू होते. गेलेला परत येत नाही, अशी तक्रार आपण शिक्षक नेहमी करतो. ती करण्यापूर्वी, येणाऱ्यासाठी आपण कोणती प्रयोगशाळा, कोणते अध्यासन आणि कोणते घर राखून ठेवले आहे, याचा हिशेब आपणच दिला पाहिजे.