मोकामा घाट–सिमरिया घाट फेरीसेवा

बिहारमध्ये गंगेच्या दोन तीरांवरचे लोहमार्ग जोडणारी, आता बंद झालेली रेल्वेची आगबोट सेवा. दक्षिण तीरावरचा मोकामा घाट पाटणा जिल्ह्यात, तर उत्तरेचा सिमरिया घाट आजच्या बेगुसराय जिल्ह्यात येतो. सिमरिया हे हिंदी कवी रामधारी सिंह दिनकर यांचे जन्मगाव.

दक्षिणेला ईस्ट इंडियन रेल्वेचा रुंदमापी (१,६७६ मिमी.) मार्ग होता, उत्तरेला तिरहूतचा मीटरमापी (१,००० मिमी.). तिरहूत रेल्वेची सुरुवातच १८७३-७४ च्या दुष्काळात दरभंग्याकडे धान्य पोचवण्याच्या घाईतून झाली; पुढे ती बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेकडे गेली. थोडक्यात, इथे अडचणी दोन होत्या, नदी आणि रूळ. उतारू आगबोटीने पार होत. मालाचे तसे नव्हते. मीटरमापी वाघिणी पडावांवर चढवून मोकामा घाटाला आणत आणि रुंदमापी वाघिणींतला माल हमाल डोक्यावरून वाहून त्यांत भरत. उत्तरेकडून आलेल्या मालाचा प्रवास याच्या उलट.

या हमालीचा ठेका वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास जिम कॉर्बेट याने घेतला आणि दोन दशके चालवला. नरभक्षक वाघांचा शिकारी म्हणून जगाला माहीत असलेल्या या माणसाची उमेदीची वर्षे गोण्या मोजण्यात गेली. ‘माय इंडिया’ (१९५२) या पुस्तकात त्याने घाटाचे जे वर्णन केले आहे, त्याच्या तोडीचे दुसरे क्वचितच सापडेल. सुरुवातीचे तीन महिने वरून पैसेच आले नाहीत, तरी मजूर टिकून राहिले. कोळसा फावड्या-टोपल्यांनी हलवला जाई. त्या टोळीचा मुकादम चमारी पुढे पटकीने गेला. स्टेशनमास्तर रामशरण याच्यासह कॉर्बेटने शाळा काढली, तेव्हा सवर्ण आणि दलित मुले एका खोलीत बसेनात. छपराखाली बसायला मात्र कोणाची हरकत नव्हती. रामशरणने खोलीच्या भिंती काढून टाकल्या!

मे १९०८ च्या आरंभी मुझफ्फरपूर बाँबप्रकरणातील प्रफुल्ल चाकी समस्तीपूरहून याच वाटेने कलकत्त्याला निघाला होता. त्याच गाडीतल्या एका फौजदाराला संशय आला. मोकामा येथे पोलिसांनी घेरल्यावर प्रफुल्लने स्वतःवर गोळी झाडली. याच प्रकरणावरील ‘केसरी’तील अग्रलेखांसाठी लोकमान्य टिळकांना मंडालेची शिक्षा झाली.

स्वातंत्र्यानंतर इथल्या गंगेवरच्या पुलाची जागा ठरवताना नव्वदी ओलांडलेल्या मो. विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला. पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले हेच ते अभियंते. त्यांनी मोकाम्याची निवड केली. सुमारे दोन किमी. लांबीच्या, रेल्वे आणि रस्ता दोन्ही वाहणाऱ्या या राजेंद्र पुलाचे उद्‌घाटन मे १९५९ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. आगबोटीची गरज संपली. वरच्या बाजूला पाटण्याच्या महेंद्रू घाटावरून पलेजा घाटाकडे जाणाऱ्या रेल्वेच्या बोटी मात्र त्यानंतरही चालूच होत्या. त्यांना पर्याय ठरलेला महात्मा गांधी सेतू १९८२ मध्ये खुला झाला.

पुलाने पाण्याचा प्रश्न सोडवला, रुळांचा नाही. रुंदमापी मार्ग नदी ओलांडून बरौनीपर्यंत गेला, त्यामुळे माल बदलण्याचे काम उत्तर तीरावर गढहरा येथे सरकले आणि तिथे प्रचंड यार्ड उभे राहिले. १९८० च्या दशकात उत्तर बिहारचे मुख्य मार्ग रुंद होऊ लागले, तसतसे तेही काम ओसरले.